‘महाभारत’ची भाषा आणि राही मासूम रझा

दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ मालिका गाजली. तिचे संवाद लिहिले डॉ. राही मासूम रझा यांनी. अलीगढला त्यांनी ‘तिलिस्मे होशरुबा’ या उर्दू दास्तानवर पीएच.डी. केली होती. पौराणिक मालिकेची हिंदी संस्कृतप्रचुर हवी, हा संकेत त्यांनी पाळला. ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने घरोघरी पोचली. कथा सांगतो तो मात्र अदृश्य ‘समय’. दास्तानगो जसा प्रसंग थांबवून श्रोत्यांशी बोलतो, तसाच तो बोलतो. भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते? मराठी परकी, उर्दूच तेवढी आपली, असे मुलांच्या मनावर बिंबवणाऱ्यांनीही राहींकडे पाहावे. भाषा तिच्यासाठी कष्ट घेणाऱ्याची असते.