वर्तनविकार, मुलांतील : इतिहास

आक्रमकता, अवज्ञा, चोरी, मोडतोड इ. वर्तन वयाच्या मानाने अधिक व दीर्घकाळ आढळल्यास त्यास वर्तनविकार म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अशी मुले दुर्गुणी गणली जात व शिक्षा हाच त्यांवरील उपाय मानला जाई. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही नैतिक संयमात उण्या पडणाऱ्या मुलांचे वर्णन केले. शिकागोत १८९९ मध्ये बालन्यायालय स्थापन झाले. त्यापुढे येणाऱ्या मुलांच्या तपासणीसाठी विल्यम हीली याने १९०९ मध्ये संस्था काढली. शरीर, बुद्धी, कुटुंब व संगत या सर्वांचा त्याने एकत्र विचार केला. यातूनच पुढे बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ उभी राहिली.

चार्ल्स ब्रॅड्ली याने १९३७ मध्ये ऱ्होड आयलंड येथे ३० मुलांना बेंझेड्रीन दिले. औषध उत्तेजक असूनही अनेक मुले शांत झाली. ली रॉबिन्झ हिने १९६६ मध्ये ५२४ रुग्णांच्या पाठपुराव्यावरून असे दाखविले, की समाजविघातक प्रौढांच्या बालपणी असे वर्तन बहुधा आढळते; परंतु असे वर्तन असणारी बहुसंख्य मुले तशी प्रौढ होत नाहीत. म्हणून निदान हा मुलाच्या भवितव्याचा निवाडा ठरत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात आचरणविकार, विरोधविकार व अवधानन्यूनता वेगवेगळे नोंदविले गेले. २०१३ मध्ये अवधानन्यूनता मज्जाविकासविकारांत गेली. हट्टापुढे पालकांनी नमल्यास हट्ट बळावतो, हे जेरल्ड पॅटरसन याने दाखविल्यापासून पालकांचे प्रशिक्षण हा उपचाराचा प्रमुख भाग बनला.