कुलाब्याचे चुंबकीय वेध व त्यांचे अलिबागेस स्थलांतर

‘अयस्कांत’ म्हणजे लोखंडाचा प्रियकर. या संस्कृत शब्दात आकर्षणाचा गुण आला आहे. परंतु पृथ्वी हाच एक विशाल लोहचुंबक होय, ही गिल्बर्टने इ. स. १६०० मध्ये मांडलेली कल्पना त्यात नाही. तिच्या पडताळ्यासाठी सुईच्या हालचालींची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे अवश्य होते.

आपल्या प्रांतात हे कार्य मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत घडले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या या वेधशाळेत चुंबकीय वेधांस १८४१ मध्ये आरंभ झाला व १८४६ पासून ते अखंड होऊ लागले. प्रा. ऑर्लेबार तेथे प्रमुख होते. तथापि तिचा कारभार काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडेही होता. त्यांचे पोंभुर्ले गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. ‘दर्पण’कार म्हणून त्यांचे स्मरण करणारे या कार्याचा उल्लेख क्वचितच करतात, हे नवल होय. केरूनाना छत्रेही तेथेच साहाय्यक होते.

हे काम कंटाळवाणे खरे. पण त्याचे मोल २ सप्टेंबर १८५९ रोजीच्या चुंबकीय वादळात दिसून आले. कुलाब्यास क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे एरवीच्या सुमारे ४ टक्क्यांनी, उतरले. इंग्लंडात केव येथील छायालेख मर्यादेबाहेर गेले असता कुलाब्याचे आकडे मात्र हाती राहिले. २००३ मध्ये या वादळाचे जे नवे विवेचन झाले, ते त्यांच्याच आधारे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने वेध दूषित होणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक ना. आ. फ. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. कोकणातील काळा दगड स्वतःच चुंबकीय. म्हणून इमारतीस पोरबंदरी दगड वापरला गेला. मूस यांचा खरा विवेक मात्र पुढेच आहे. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. असे केले नसते, तर साठ वर्षांची मालिका तुटली असती, किंबहुना जुने आकडे नव्यांशी ताडून पाहणेच अशक्य झाले असते. ट्राम १९०७ मध्ये धावली; मूस यांनी कुलाब्याची सामग्री १९१० मध्ये प्रसिद्ध केली. अलिबागचे वेध आजही चालू आहेत. केरूनानांचे नागाव तेथून जवळच आहे.