आठवीनंतरचं ताट कुठे जातं? कॉलेजच्या मुलांची भूक आणि दापोली तालुक्याची गोष्ट

शाळेत दुपारी खिचडी मिळते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. राज्यात १९९५ मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला, २०२१ पासून त्याचं नाव 'पीएम पोषण' आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शिजवलेलं जेवण मिळतं. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं असं मापही ठरलेलं आहे.

मूल नववीत गेलं की हे ताट बंद होतं. घरची परिस्थिती तीच असते आणि वाढत्या वयाची भूक उलट जास्त असते, तरीही. अकरावीला किंवा पदवीला पोहोचेपर्यंत त्या मुलाच्या जेवणाची कुणी विचारपूसही करत नाही. देशातल्या उच्च शिक्षणाचं दरवर्षी होणारं सरकारी सर्वेक्षण विद्यार्थी, शिक्षक, वर्गखोल्या, वसतिगृहं असं सगळं मोजतं. जेवलात का, हा प्रश्न त्यात नाही.

आता हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्यासारख्या गावात ठेवून बघा. कड्यावरचा गणपती आणि कासव महोत्सव यांमुळे आंजर्लं पर्यटकांना माहीत आहे. पण इथल्या मुलाला पदवीचं शिक्षण घ्यायचं तर दापोली गाठावी लागते, म्हणजे घाटवळणाच्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटर. सकाळच्या वर्गाला पोहोचायचं तर लवकरची एसटी. तेव्हा घरी चूल नुकती पेटलेली असते. डबा झाला तर झाला, नाहीतर चहा-बटर खाऊन निघायचं. परतीची गाडी चुकली तर पुढची येईपर्यंत स्टँडवर बसायचं. मधल्या सात-आठ तासांत खिशात किती पैसे आहेत, यावर जेवण ठरतं. बहुतेक वेळा तो एक वडापाव असतो.

अन्न असुरक्षितता म्हणजे उपासमारच का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना (एफएओ) हे मोजण्यासाठी आठ प्रश्न वापरते. गेल्या वर्षभरात पैशांअभावी जेवण पुरेल की नाही याची काळजी वाटली का? पौष्टिक खाता आलं नाही, असं झालं का? रोज तेच ते खावं लागलं का? एखादं जेवण चुकवावं लागलं का? गरजेपेक्षा कमी खाल्लं का? घरातलं अन्न संपलं का? भूक असून खाल्लं नाही, असं झालं का? आणि शेवटी, आख्खा दिवस उपाशी गेला का? म्हणजे उपाशी दिवस ही या शिडीची सर्वात खालची पायरी झाली. महिनाअखेरीला मेसचे पैसे कसे भरायचे, ही काळजी पहिल्याच पायरीवर येते.

कॉलेजात ही गोष्ट दिसत नाही, कारण ती लपवणं सोपं असतं. 'आज उपास आहे', 'सकाळी भरपूर खाऊन आलोय', 'मला कॅन्टीनचं आवडत नाही' ही वाक्यं कुणीही तपासत नाही. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी ती बाहेर खाण्याची संध्याकाळ असते. ज्याच्याकडे नाहीत तो दुपारच्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून ठेवतो.

कोकणात याला आणखी एक बाजू आहे. इथल्या घराचं उत्पन्न हंगामी असतं. आंबा, सुपारी, नारळ, मासळी आणि मुंबईहून येणारे पैसे यांवर घर चालतं. फी मात्र जून-जुलैत भरायची असते, ऐन पावसाळ्यात, जेव्हा मासेमारी बंद असते आणि आंब्याचे पैसे बरेचसे खर्च झालेले असतात. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड उत्पन्न द्यायला अनेक वर्षं घेतं. म्हणजे त्या वर्षी शाळेत असलेलं मूल कॉलेजात पोहोचलं, तरी बाग अजून पुरती उभी राहिलेली नाही. अशा घरात सगळ्यात आधी काटछाट होते ती बाहेर शिकणाऱ्याच्या जेवणावर, कारण ती कुणाला दिसत नाही.

याच तालुक्यातला एक उपाशी विद्यार्थी

साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९. दापोलीच्या शाळेत शिकत असताना घरची परिस्थिती इतकी ढासळली की पुढचं शिक्षण अडलं. औंध संस्थानात गरीब मुलांची सोय होते असं कळल्यावर ते तिकडे गेले. तिथेही हाल संपले नाहीत, आणि प्लेगची साथ आल्यावर तेही सोडावं लागलं. मग पुण्यात नूतन मराठी विद्यालयात, पुन्हा अर्धपोटी. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांनी तिथल्या छात्रालयाची जबाबदारी घेतली. मुलांचं खाणंपिणं, आजारपण, कपडे हे सगळं त्यांनी जातीने पाहिलं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे वारंवार सांगितलं आहे.

त्या काळात गरीब विद्यार्थ्याला जेवणासाठी दोन रस्ते होते. एक माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन पाच घरं फिरायची आणि शिजवलेलं अन्न मागायचं. दुसरा वार लावून जेवणं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी पोट रिकामं. या पद्धतीबद्दल आज हळवं होऊन लिहिलं जातं, आणि तिच्यावर अनेक जण शिकले हे खरंच. पण ती मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठीच होती. बहुजन मुलाला कुणी वार देत नव्हतं, आणि दलित मुलाला तर त्या घराच्या ओटीवरही जागा नव्हती.

म्हणून महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ झाली. तिच्याकडे जेवणाची चळवळ म्हणूनही पाहायला हवं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातलं. लंडनमध्ये शिकताना त्यांनी अपुऱ्या जेवणावर, रात्री भाजलेल्या पापडांवर दिवस काढले. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या सुरुवातीलाच सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. तिथे मुलांच्या जेवणासाठी धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं. एकाच पंगतीत सगळ्यांनी जेवायचं, हा त्या बोर्डिंगचा पहिला धडा होता.

आज सरकार काय देतं?

आज मुख्य उपाय आहे तो पैशांचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

रकमा शहरागणिक बदलतात. मुंबई-पुण्यात वर्षाला एकूण ६० हजार, त्यात जेवणाचे ३२ हजार. तालुक्याच्या ठिकाणी एकूण ३८ हजार, त्यात जेवणाचे २३ हजार. हिशोब करा. वर्षातले दहा महिने मुलगा दापोलीत राहिला तर जेवणाला महिन्याला २,३०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ७७. दोन वेळचं जेवण त्यात ओढूनताणून बसेल. नाश्ता मात्र बसत नाही.

रक्कम कमी आहे, पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. मेसवाला दर महिन्याच्या सुरुवातीला पैसे मागतो आणि सरकारी पैसे हप्त्यांनी, बरेचदा उशिरा येतात. आदिवासी विद्यार्थ्यांनी हे २०१८ मध्ये रस्त्यावर येऊन सांगितलं होतं. आदिवासी विकास विभागाने मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांमधली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यावर द्यायचं ठरवलं. जुलैत पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे विद्यार्थी पायी निघाले आणि सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. मागणी साधी होती: पैसे नकोत, मेस द्या. पैसे आले तरी त्यातून फी, पुस्तकं, घरचं आजारपण भागवलं जातं. शिजलेलं ताट दुसरीकडे वळवता येत नाही, आणि हे त्या मुलांना धोरण ठरवणाऱ्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

आणि या सगळ्या योजना 'बाहेर राहणाऱ्या' विद्यार्थ्यासाठी आहेत. आंजर्ल्याहून रोज एसटीने ये-जा करणारा विद्यार्थी कागदोपत्री घरीच राहतो. म्हणून त्याला या योजनांतला निर्वाह भत्ता नाही. दिवसातलं मुख्य जेवण तो घराबाहेर काढतो, ही गोष्ट कुठल्याच अर्जात लिहायला जागा नाही. ग्रामीण कोकणात असे विद्यार्थी गल्लोगल्ली सापडतील. आधार योजनेत तर जिल्ह्यामागे फक्त ६०० जागा आहेत.

मग दहा रुपयांची थाळी?

शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, दहा रुपयांत. तिथे जातीचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही, म्हणून विद्यार्थ्यांसाठी ही योजना कागदावर सर्वात सोपी. अडचण वेळेची आहे. थाळी दुपारी मोजक्या तासांत आणि मोजक्याच संख्येत मिळते, आणि केंद्र बाजारात किंवा स्टँडजवळ असलं तरी कॉलेज गावाबाहेर असू शकतं. शिवाय केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या तक्रारी अधूनमधून येतच असतात. कॉलेजच्या आवारातच असं केंद्र असेल तर चित्र बदलू शकतं.

कॉलेजं आणि संस्था काय करतात?

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींची कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय करते आणि वसतिगृहातली काही कामं मुलंच करतात. दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातल्या मुलांना घरून पैसे येणं थांबलं, तेव्हा स्टुडंट हेल्पिंग हँडसारख्या विद्यार्थ्यांच्याच संस्थेने मेसचे डबे मिळवून दिले. विद्यापीठांमध्ये 'कमवा आणि शिका' आहे. तिची मुळं भाऊरावांच्याच साताऱ्यात आहेत. विद्यार्थी रोज काही तास ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करतो आणि तासावर मानधन घेतो. योजना चांगली आहे, पण शेवटची एसटी पकडायची असलेल्याला ते तास सापडत नाहीत.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी मोजला गेला. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २०२० मध्ये २३ टक्के कॉलेज विद्यार्थी अन्न असुरक्षित होते, म्हणजे सुमारे ३८ लाख. सरकारी अन्न मदतीला पात्र असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ती मिळतच नव्हती. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी १९९३ मध्येच स्वतःची धान्यपेढी काढली होती. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात यूसीएलएच्या विद्यार्थ्यांनी वेगळी युक्ती काढली. मेसच्या कार्डावरची न वापरलेली जेवणं गरजू विद्यार्थ्याच्या नावे करायची. घेणाराही मेसमध्ये तेच कार्ड दाखवतो, त्यामुळे रांगेत कुणाचं जेवण कुठून आलं हे कळत नाही.

आपल्याकडे डबे-धान्य वाटपाचा फोटो काढून टाकायची सवय आहे, म्हणून ही गोष्ट इथे विशेष लागू पडते. फोटोच्या भीतीने मुलं येत नाहीत. दापोलीसारख्या ठिकाणी धान्यपेढीचा तसाही फार उपयोग नाही, कारण ये-जा करणाऱ्याकडे शिजवायला जागा नसते. त्याला लागतं ते शिजलेलं जेवण, दुपारच्या सुट्टीत, आवारातच. कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी सारखीच दिसणारी कुपनं आणि त्यांतली काही आधीच पैसे भरलेली, इतकं केलं तरी सुरुवात होते. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, माजी विद्यार्थ्यांचा संघ आणि कॅन्टीनवाला एवढी माणसं पुरतात.

तुम्ही किंवा तुमचा मित्र पात्र असाल तर

स्वाधारसाठी दहावीनंतरचं शिक्षण, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेला असणं या मुख्य अटी आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि भाड्याने राहत असल्याचा पुरावा तयार ठेवा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या रत्नागिरीतल्या कार्यालयात होते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळायला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच अर्ज टाकलेला बरा.