लेवी, फ्रीडरिख विल्हेल्म

लेवी, फ्रीडरिख विल्हेल्म : (६ फेब्रुवारी १८८८ – १ जानेवारी १९६६). जर्मन गणितज्ञ. गट सिद्धांत, विन्यास व सांत भूमिती या विषयांतील संशोधनासाठी प्रसिद्ध. नाझी राजवटीने बडतर्फ केल्यावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठात व नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मिळून सुमारे सोळा वर्षे अध्यापन व संशोधन केले. भारतात आधुनिक बीजगणिताचे अध्यापन रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

जन्म व शिक्षण : लेवी यांचा जन्म अल्सेस प्रांतातील म्यूल्हाउझेन (आताचे फ्रान्समधील म्यूलूझ) येथे ज्यू कुटुंबात झाला. हा प्रांत त्या वेळी जर्मन साम्राज्यात होता. १९०६-०७ मध्ये सक्तीची लष्करी सेवा केल्यानंतर त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले आणि १९११ मध्ये स्ट्रासबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक हाइनरिख वेबर हे त्या काळातील बीजगणिताचे मोठे ग्रंथकार होते. गट आणि क्षेत्र या संकल्पनांना अमूर्त रूप देणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होत, आणि लेवींच्या पुढील कामावर त्यांच्या या दृष्टीचा ठसा दिसतो.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) लेवी तोफखान्यात लढले. त्यांना ‘आयर्न क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. १९१७ मध्ये बार्बरा फिटिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली.

लाइपझिग व बडतर्फी : १९२० ते १९३५ या काळात ते लाइपझिग विद्यापीठात शिकवत होते. १९३३ मध्ये सत्तेवर येताच नाझींनी ज्यू प्राध्यापकांना सरकारी सेवेतून काढणारा कायदा केला. महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यात सवलत होती, म्हणून लेवींची जागा दोन वर्षे टिकली. १९३५ मध्ये ही सवलत डावलून त्यांना व त्यांच्यासारख्या इतर माजी सैनिक-प्राध्यापकांना काढण्यात आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात विद्याशाखेच्या बैठकीत गणितज्ञ बी. एल. व्हान डर व्हार्डन व भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी या निर्णयावर उघड आक्षेप घेतला. अशा काळात उघडपणे बोलायला धैर्य लागत होते. निर्णय मात्र बदलला नाही. ज्या देशासाठी लेवी चार वर्षे लढले, त्याच देशाने सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना बेकार केले.

कलकत्ता : कलकत्ता विद्यापीठातील उच्च गणिताचे हार्डिंज प्राध्यापकपद मार्च १९३५ मध्ये गणेश प्रसाद यांच्या निधनाने रिकामे झाले होते. ते लेवींना देऊ करण्यात आले. तेथे १९४८ पर्यंत ते गणित विभागाचे प्रमुख होते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आधुनिक बीजगणित आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. भारतीय विद्यापीठांत तोपर्यंत विश्लेषण व उपयोजित गणित यांचा वरचष्मा होता. गट, वलय, क्षेत्र या भाषेत विचार करण्याची सवय विद्यार्थ्यांना नव्हती. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अल्जिब्रा’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक याच अध्यापनातून तयार झाले.

मुंबई : १९४८ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, लेवी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेली ही संस्था तेव्हा पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात होती व १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत गेली. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी तेथे त्यांचे सहकारी होते. संस्थेची गणितशाखा नुकती आकार घेत असताना लेवींसारखा अनुभवी बीजगणितज्ञ तिला लाभला. १९५२ मध्ये ते जर्मनीला परतले.

संशोधन : (१) क्रमित गट. ज्या गटातील घटक लहान-मोठे असे लावता येतात आणि बेरीज केल्यावरही तो क्रम टिकतो, त्याला क्रमित गट म्हणतात. पूर्णांकांचा गट असा आहे. घड्याळाच्या तासांचा गट मात्र असा नाही, कारण एकेक तास मिळवत गेल्यास बारा तासांनी काटा पुन्हा जागेवर येतो. शून्याखेरीज कोणताही घटक स्वतःशी पुनःपुन्हा मिळवूनही शून्यावर येत नसेल, तर असा प्रत्येक क्रमनिरपेक्ष (आबेली) गट क्रमित करता येतो, हे लेवींनी १९१३ मध्ये दाखवले. कलकत्त्यात असताना त्यांनी या विषयाकडे पुन्हा लक्ष वळवले.

(२) बर्नसाइड प्रश्न. ज्या गटात प्रत्येक घटकाचा घन एकक असतो, तो गट r जनकांपासून बनल्यास जास्तीत जास्त किती मोठा असेल, याचे नेमके उत्तर लेवी व व्हान डर व्हार्डन यांनी १९३३ च्या लेखात दिले. ३ चा घातांक काढण्यासाठी r मध्ये r पैकी दोन-दोन व तीन-तीन निवडण्याचे प्रकार मिळवायचे. दोन जनक असल्यास घातांक २ + १ = ३, म्हणून गटात २७ घटक; तीन असल्यास ३ + ३ + १ = ७, म्हणून २,१८७. निवडीचे असे प्रकार मोजण्याचा सर्वसाधारण नियम भारतीय गणितात महावीराचार्यांच्या नवव्या शतकातील ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात आढळतो.

(३) छद्मरेषा. ज्यांतील कोणतेही दोन एकमेकांना नेमके एकदाच छेदतात, अशा वक्रांच्या (छद्मरेषांच्या) रचनांचा पहिला पद्धतशीर अभ्यास लेवींनी १९२६ मध्ये केला. अशा रचनेत, एकाच वक्रावर नसलेले कोणतेही दोन बिंदू घेतले तरी त्यांतून जाणारी नवी छद्मरेषा रचनेत भरता येते, हा त्यांचा निष्कर्ष आजही वापरात आहे. विन्यासांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९२९ मध्ये निघाला.

(४) लेवी आलेख. लेवींचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते ते या संकल्पनेमुळे. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठात सांत भूमितीवर सहा जाहीर व्याख्याने दिली. ती १९४२ मध्ये ‘फायनाइट जिऑमेट्रिकल सिस्टिम्स’ या नावाने छापली गेली. सोलापुरातील एखाद्या कारखान्यात सात विणकर व सात माग आहेत, असे समजा. प्रत्येक मागावर तीन पाळ्यांना तीन वेगळे विणकर, प्रत्येक विणकराकडे तीन माग आणि कोणत्याही दोन विणकरांचा नेमका एकच माग सामाईक, अशी वाटणी करता येते. भूमितीत विणकर म्हणजे बिंदू व माग म्हणजे रेषा. या रचनेला फानो प्रतल म्हणतात. आता चौदा टिंबे काढून विणकराचे टिंब त्याच्या मागाच्या टिंबाला जोडले की २१ जोडरेषांचा आलेख मिळतो. हाच त्या रचनेचा लेवी आलेख. कोणता बिंदू कोणत्या रेषेवर आहे, ही सगळी माहिती त्यात साठवलेली असते, म्हणून भूमितीचे प्रश्न आलेखांच्या भाषेत सोडवता येतात. भूमितिज्ञ कॉक्सिटर यांनी १९५० मध्ये या आलेखांना लेवींचे नाव दिले.

भारतीय परंपरेतील स्थान : वरील उदाहरणात विणकरांऐवजी ज्वारीच्या सात जाती आणि मागांऐवजी शेताचे सात तुकडे घेतले, तर प्रत्येक दोन जातींची तुलना एकाच तुकड्यात एकदा होते. शेतीच्या प्रयोगांची अशी आखणी सांत क्षेत्रे व सांत भूमिती यांच्या आधारे करण्याचा मार्ग कलकत्त्यातील संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस यांनी १९३९ मध्ये दाखवला. त्यासाठी लागणारे बीजगणित त्यांनी लेवींकडून आत्मसात केले होते. बोस यांचे शिष्य शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी बोस व गणितज्ञ पार्कर यांच्यासह ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे १७८२ मधील अनुमान १९५९ मध्ये खोटे ठरवले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख म्हणून काम केले. लाइपझिगने घालवलेली विद्या अशी दोन पिढ्यांत मुंबईच्या वर्गांपर्यंत पोहोचली.

जर्मनीत परतल्यावर लेवींनी बर्लिनच्या फ्री विद्यापीठात व त्यानंतर फ्रायबर्ग येथे अध्यापन केले. फ्रायबर्ग येथेच त्यांचे निधन झाले.