नवरीचा साज आणि तो चढवणारे हात

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघर उटण्याचा वास दरवळतो, आणि तुळशीचे लग्न लागले की तीच उटण्याची वाटी लग्नघराकडे निघते. दिवाळीचे दिवस हे आपल्याकडे लग्नाच्या बोलण्याचेही दिवस आहेत. फराळाची ताटे मांडलेली असतात, पाहुणे जमलेले असतात, आणि करंजीचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच कुणीतरी विचारते, “मग यंदा धाकटीचे उरकायचे ना?” तिथून गोष्ट शालूवर जाते, शालूवरून दागिन्यांवर, आणि अलीकडे तर हटकून त्या प्रश्नावर येऊन थांबते, की नवरी सजवायला कोणाला बोलवायचे?

प्रश्न साधा दिसतो. पण वाचकहो, या एका प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात सुगंध जसा आहे, तसा एक सलही आहे. आज दोहोंची ओळख करून घेऊ.

भूम तालुक्यातल्या आमच्या ईटहून फार लांब जायला नको. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण तिथे जातो, पण हेच सातवाहनांच्या काळातले तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी वही लिहून ठेवली, तिच्यात या तगराचे नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून येथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाते, असे तो सांगतो. या तेरच्या पांढरीत मण्यांच्या माळा सापडल्या, बांगड्यांचे तुकडे सापडले, आणि दागिन्यांनी नटलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही सापडली. तिच्यासारखीच एक भारतीय मूर्ती १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेतून निघाली. तेरच्या वस्तुसंग्रहालयात उभे राहून त्या मूर्तीकडे पाहिले, की केसांची ठेवण आणि हातभर बांगड्या पाहून आपल्याच गावातली एखादी सालंकृत नवरी आठवते. दख्खनच्या जुन्या वसाहतींत डोळ्यांत अंजन घालण्याच्या बारीक सळयाही मिळतात. काजळ, कंगवा आणि बांगडी या तीन गोष्टी आपल्या मातीत इतक्या जुन्या आहेत.

परंतु नवरीला नवरी करते ती हळद. तिचा थाट आपल्याकडे राजसी. लग्नाच्या आधी जात्याला सुताचा दोरा बांधायचा, सुवासिनींनी खुंट्याला हात लावायचा, ओव्या म्हणत हळकुंडे दळायची. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे यायची. मग तेल-हळदीने अंग माखायचे आणि ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे. यात धर्म किती आणि शहाणपण किती, हे वेगळे काढता येत नाही. हळद, तेल आणि डाळीचे पीठ यांनी अंगाचा मळ निघतो, कातडी मऊ होते. आणि पिवळ्या अंगावर दिव्याचा उजेड पडला, की सावळी मुलगीही सोन्यासारखी दिसते. पूर्वीची लग्ने गोरज मुहूर्तावर लागत, समईच्या अन् मशालीच्या उजेडात लागत. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या उजेडाचा रंग ओळखून नवरीचा रंग ठरवला होता, असेच म्हणावे लागेल.

आता एक गंमत पाहा. हळद पिवळी आणि कुंकू लाल; पण दोन्ही एकाच कंदाची लेकरे. शाळेत आम्ही मुलांना हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकून दाखवतो. कागद क्षणात लाल होतो आणि मुले टाळ्या पिटतात. जुने कुंकू याच गुणावर तयार होई. हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजवीत. ती लाल झाली की वाळवून कुटीत आणि वस्त्रगाळ करीत. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव कुंकवासाठीच नावाजलेले आहे. कपाळावर आधी मेणाचे बोट, त्यावर कुंकवाची चिमूट. अशी ती रीत. लग्नात मात्र एवढ्याने भागत नसे. आमच्या भागात नवरीचा मळवट भरीत, म्हणजे सारे कपाळ कुंकवाने लाल करीत. तुळजापूरच्या आईसाहेबांचा जो शृंगार, तोच एका दिवसापुरता लेकीचा. मळवटावर मुंडावळ्या, त्यावर बेगडी बाशिंग, आणि इतक्या शोभेला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचे बोट. शोभेत जाणूनबुजून एक उणे ठेवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

हा सगळा साज नवरी स्वतः कधीच करत नसे. तो गाव करी. कासारदादा ओटीवर येऊन हिरवा चुडा भरी. मुलीचा तळहात दाबून दाबून मऊ करायचा, अंगठा आत मुडपायचा आणि काच न फुटू देता बांगडी मनगटावर चढवायची, हे कसब पिढीजात. चुडा भरून झाला की मुलगी कासाराला वाकून नमस्कार करी आणि तो तोंड भरून आशीर्वाद देई. सोनार नथीचा फासा बसवून देई, माळी फुलांच्या मुंडावळ्या आणी, थोरली जाऊ वेणी घाली, आत्या काजळ घाली. तांब्याच्या पत्र्यावर धरलेली तुपाच्या दिव्याची काजळी घरच्याच लोण्यात खललेली असे. एका मुलीच्या अंगावर निम्म्या गावाचे हात फिरत, आणि त्या हातांची ऊब घेऊन ती परक्या घरी जाई.

पण ही मुलगी होती केवढी? बाशिंगाच्या ओझ्याने मान लवावी, एवढी लहान. तिला विचारतो कोण? आठव्या-दहाव्या वर्षी तिला झोपेतून उठवून बोहल्यावर उभी करीत. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ साली शारदा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला आणि मुलीचे किमान वय चौदा ठरले. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता; ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुलीचे वय पंधरा केले आणि १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. म्हणजे स्वतःच्या लग्नात आपल्याला काय शोभते हे आरशात पाहून ठरवणारी नवरी, ही आपल्या इतिहासात अगदी कालची पाहुणी आहे.

आणि आता तो सल. निम्म्या गावाचे हात नवरीला लागत, असे वर म्हटले. पण एक हात लागत नसे. हळदीला सुवासिनी हव्यात, असा दंडक. मग जिला नवरा नाही ती कोण? ती मावशी असेल, आजी असेल. पुष्कळदा ती प्रत्यक्ष जन्मदात्री असे. मुलीसाठी जिने काबाडकष्ट केले, पै पै जोडून शालू घेतला, ती आई लेकीला हळद लागताना माजघराच्या दाराआड उभी राही. कन्यादानाला चुलता-चुलती बसत. वर्षभर घराला लागणारी हळद हीच बाई कुटते, तीच रोजच्या कालवणात पडते आणि ते सारे घर जेवते. तेव्हा तिच्या हाताचा विटाळ कुणाला होत नाही. तीच हळद वाटीत आली, की मात्र तोच हात अशुभ! हे कोडे मला कधी सुटलेले नाही.

हे कोडे जुन्यांनाही बोचले होते. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण कायद्याच्या कागदाला हळद लागेना. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून विधवेच्या वाट्याला येणाऱ्या अपमानाचा जाब पुरुषांना विचारला. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने सभा भरवली आणि विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलायचा नाही, असा ठराव केला. ज्यांना समाज खालचे मानी, त्या कारागिरांनी शास्त्री-पंडितांना शिकवलेला हा धडा. आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा, केशवपन झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या. ज्या कपाळावरचे कुंकू एकदा पुसले गेले होते, त्या कपाळावर ते पुन्हा लागले. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. एका चिमूटभर कुंकवाचे वजन एवढे होते.

तिकडे साजाची तऱ्हाही पालटत होती. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांचे शालू, त्यांची नथ, त्यांच्या केसांतल्या गजऱ्याची ठेवण पाहून घरंदाज बायका तसे नटू लागल्या. बायकांनी नटावे कसे हे महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकवले, ही आपल्या इतिहासातली गोड थट्टाच म्हणायची! १९१९ च्या सुमारास मुंबईत पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’ निघाला. १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ काढली. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेतले असले, तरी त्याच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे. पुढे तालुक्याच्या गावी ब्युटी पार्लरच्या पाट्या लागल्या, आणि आज नवरी सजवणारी बाई पेटी घेऊन लग्नघरी येते.

काही वडीलधारे या बाईला नाके मुरडतात. मी मुरडत नाही. फक्त सजणाऱ्या लेकींना दोन शब्द सांगावेसे वाटतात. मेंदी लवकर काळी व्हावी म्हणून तिच्यात केस रंगवण्याचे रसायन मिसळतात. त्याने हातावर फोड येतात, कधी व्रण राहतात. मेंदीचा खरा रंग तांबूस, आणि तो दुसऱ्या दिवशी चढतो. म्हणून घाई करू नये. टिकलीच्या डिंकाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली की ती टिकली टाकून द्यावी. नवे मलम, नवी पावडर लग्नाच्या दिवशी प्रथम लावू नये; आठ दिवस आधी कोपराच्या आत थोडी लावून पाहावी. चेहऱ्याला पावडर फासून गोरे होण्याच्या नादात मान सावळी अन् तोंड पांढरे, असे सोंग होऊ देऊ नये. तेरची ती हस्तिदंती बाई दोन हजार वर्षे सुंदर दिसते ती रेखीवपणामुळे, रंगामुळे नव्हे.

आणि त्या पेटीवाल्या बाईकडून आपण एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. ती दारात येते तेव्हा तिच्या हाताला कसब आहे का, एवढेच आपण विचारतो. तिचा नवरा हयात आहे का, हे कुणी विचारत नाही. तिने भरलेला भांग, तिने लावलेले कुंकू आपल्याला शुभच वाटते. मग परक्या बाईला जो मान आपण पैसे देऊन देतो, तो आईला फुकट द्यायला आपला हात का आखडावा?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र-जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. तेरा दिवसांनी, १७ मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून साऱ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. खेड्याने शहाणपण दाखवावे आणि सरकारने ते उचलावे, असा योग विरळा. परंतु हळदीची वाटी काही परिपत्रकाने पुढे सरकत नाही. ती घरातल्या माणसानेच सरकवावी लागते; आणि खरे सांगायचे तर, ती नवऱ्या मुलीनेच सरकवावी. ती आता दहा वर्षांची नाही. तिला वाचता येते, बोलता येते, आणि आपल्या लग्नात आपल्याला पहिली हळद कोणी लावावी हे सांगण्याचा अधिकारही आहे.

तेव्हा यंदा तुळशीचे लग्न झाल्यावर ज्यांच्या घरी मांडव पडणार असेल, त्यांनी शालू जरूर घ्यावा, चुडा भरावा, मळवट भरावा, हौसेने पार्लरवालीलाही बोलवावे. मात्र हळद कालवली की आधी माजघराच्या दाराकडे पाहावे. तिथे कोणी उभे असेल, तर तिला हाताला धरून पाटाजवळ आणावे, आणि पहिले बोट तिचे लागू द्यावे.

मग त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे तेज येईल, ते कोणत्याही डबीत मिळत नाही.