जन्मावरून गुन्हेगार : आपल्या संग्रहालयांत नसलेलं एक दालन

पोस्ट थोडी लांब आहे. विषय आपल्या दोन जिल्ह्यांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि लोक पोराबाळांना घेऊन बघायला गेले. औंधचं श्री भवानी संग्रहालय तर १९३८ पासून उभं आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. म्हणजे अभिमानाच्या वस्तू जपायला आपण शिकलोय. ज्याची लाज वाटावी, ते जपायला मात्र शिकलो नाही.

जगात तशी संग्रहालयं आहेत. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक तुत्सी. मारणाऱ्यांत सैनिक होते, तसे शेजारीही होते. आधी रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणून झालं होतं. त्या देशानं दहा वर्षांत, २००४ साली, राजधानी किगालीत स्मारक आणि संग्रहालय उभं केलं. अडीच लाख मृतांचं दफन तिथं आहे आणि शेजारी मारेकरी कसा होतो, ते तिथं मांडलेलं आहे.

आता प्रश्न असा की सातारा-सांगलीत असं एखादं दालन करायचं म्हटलं, तर त्यात काय असेल?

पहिलं, मसूर स्टेशन. साल १९०१. साताऱ्याच्या शाळेत शिकणारा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते. मसूरला उतरल्यावर स्टेशन मास्तरनं जात विचारली, पोरांनी महार सांगितली, आणि मास्तर मागं सरला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. कपडे स्वच्छ होते, खिशात पैसे होते. उपयोग काय? पुढं बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलं.

दुसरं, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तरेत आलेला हा कायदा पुढं आपल्याकडंही लागू झाला. रामोशी, कैकाडी, पारधी अशा जमातींत जन्मलेला माणूस सरकारदरबारी संशयित. चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. पोलिसांकडं हजेरी लावायची, काहींना तर तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये राहायचं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ कैकाडी समाजातूनच आलं.

तिसरं, फेब्रुवारी १९४८. याच्यावर आपल्याकडं दबक्या आवाजात बोलतात. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. खुनी नथुराम गोडसे, पुण्याचा, जातीनं ब्राह्मण. एवढ्यावरून गावोगावच्या ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात सुमारे ३०० गावांत हजारभर घरं जळाली, असं अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी नोंदवलंय. त्या वेळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. माणसंही मारली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. किती तरी कुटुंबं गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली, ती परत आली नाहीत. त्याच गावांत शेजाऱ्यांना घरात लपवणारीही माणसं होती. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी यावर ‘वावटळ’ लिहिली.

या तिन्ही गोष्टींचं वजन सारखं नाही, हे स्पष्ट सांगतो. अस्पृश्यता शतकानुशतकं चालली. दुसरा सरकारचा कायदा होता. तिसरा काही दिवसांचा जमाव होता, आणि त्यामागं सावकारीचे, जमिनीचे, जातीच्या उतरंडीचे जुने राग होते. राग का होता हे समजून घ्यायलाच हवं. पण त्यानं घर पेटवणं बरोबर ठरत नाही. तिन्हीकडं सूत्र एकच आहे : तू काय केलंस ते विचारायचंच नाही, तू कुणाच्या पोटी जन्मलास तेवढं बघायचं.

योगायोग बघा. त्याच १९४८ च्या डिसेंबरात, ९ तारखेला, संयुक्त राष्ट्रांनी नरसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याचं पहिलंच कलम जन्माबद्दल आहे. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं ते म्हणतं. मूळ मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघत होता, तिथं ‘सर्व माणसं’ करायला लावलं भारताच्या हंसाबेन मेहतांनी.

काही जण म्हणतील, कशाला जुनी मढी उकरता? अहो, ती दर ३० जानेवारीला मोबाईलवर उकरली जातातच. एका फॉरवर्डमध्ये १९४८ चा आकडा वाट्टेल तसा फुगवलेला असतो, दुसऱ्यात काही झालंच नाही म्हणतात. कागदपत्रं आणि साक्षी समोर मांडल्या तर दोघांचीही सोय बंद होईल.

आणि हे जुनंही नाही. बाबासाहेबांचे वडील ज्या खटाव तालुक्यात कामावर होते, त्याच तालुक्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव जमला, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका माणसाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. पोस्ट एकाची, शिक्षा समाजाला. सूत्र तेच.

साताऱ्यात किंवा सांगलीत एक दालन व्हावं, ही मागणी जिल्हा नियोजन समितीपुढं न्यायला हवी. बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झालं, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी पोरांना न्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पण दालनाला वेळ लागेल आणि माणसं थांबणार नाहीत. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. ज्यांचं घर जळलं तेही, ज्यांनी जळताना बघितलं तेही, ज्यांनी शेजाऱ्याला लपवलं तेही. सेटलमेंटचं कुंपण आठवणारे तर त्याहून थोडे उरलेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि शेजारी बसा. मध्ये बोलू नका, वाद घालू नका. नुसतं ऐका आणि जपून ठेवा.