खाजकुयलीची शेंग आणि आजोबांचा हात

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या रानात वाढलेल्या माणसाला खाजकुयलीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळा सरला की झुडपांवर जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, मग सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा धरतात. ती लव अंगाला लागली की जीव नको होतो. हिरडा गोळा करायला लोक रानात जातात, पण या वेलाला वळसा घालून. याच शेंगेच्या बीमध्ये पार्किन्सन्सवरच्या औषधाचा रेणू आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आजोबा गेले होते.

त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरायचा. पावलं आखूड झाली. चेहऱ्यावरचे भाव गेले, तर आम्हा पोरांना वाटायचं आजोबा रागावलेत. घरात सगळे म्हणायचे, "वय झालं." आजाराला नाव मिळालं तेव्हा तो बराच पुढे गेला होता.

हे नाव आलं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरवरून. १८१७ साली त्यांनी फक्त सहा माणसांच्या निरीक्षणांवर एक निबंध लिहिला. त्यातली काही माणसं तर त्यांनी रस्त्यात पाहिलेली. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' हा शब्द आधीपासून होता आणि खाजकुयलीही 'कपिकच्छू' या नावाने औषधांत होती. अमेरिकेत काम करणारे न्यूरॉलॉजिस्ट बाला मण्यम यांनी या दोन गोष्टींचा संबंध जुन्या ग्रंथांत शोधला आणि १९९० साली त्यावर शोधनिबंध लिहिला.

पण मधली गोष्ट जास्त गमतीची आहे. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून एल-डोपा वेगळा काढला. त्याचा मेंदूत काय उपयोग, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढची वीस वर्षं तो रेणू पार्किन्सन्सच्या पेशंटपर्यंत पोचलाच नाही.

मग १९५७ साली स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. डोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. हे रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं द्रव्य! १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्निकिएविच यांना मृत पेशंटच्या मेंदूत डोपामिन फार कमी झालेलं आढळलं. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठे डोस देऊन पेशंटमध्ये ठळक फरक दाखवला.

त्यानंतर लोक पुन्हा बियांकडे वळले. १९७८ साली मुंबईच्या अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या पेशंटवर खाजकुयली वापरून निष्कर्ष छापले. १९९५ साली मण्यम यांच्या गटाने एचपी-२०० या बियांपासूनच्या औषधाची ६० पेशंटवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. २००४ साली लंडनमध्ये आठ पेशंटवर तुलना झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. पेशंट मात्र आठच, हे विसरायचं नाही.

व्हॉट्सॲपवर हा इतिहास एका ओळीत येतो: 'पूर्वजांना सगळं माहीत होतं.' मला ते पटत नाही. पूर्वजांनी कंप पाहिला, बी ओळखलं, हे मोठंच आहे. पण शरीरात काय बिघडलंय आणि किती द्यायचं, हे कळायला मद्रासची प्रयोगशाळा, स्वीडनचे ससे आणि व्हिएन्नातलं शवविच्छेदन लागलं. बियांत डोपाचं प्रमाण जातीप्रमाणे, जागेप्रमाणे बदलतं. जास्त झालं तर उलट्या, भास, अंगाच्या नको त्या हालचाली. डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस कुठे गेला ते कळतही नाही.

आजोबांना बी कुटून द्यायला हवं होतं, असं म्हणूनच मला वाटत नाही. "वय झालं" म्हणत जी वर्षं घालवली, त्यांचं मात्र वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणाचा हात बसल्याजागी थरथरत असेल, पाऊल आखूड पडत असेल, तर रानात जाऊ नका. आधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.